आधी भीती जाऊ दे, मग बोलेन!

या वेळचं पत्र फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीचं आहे. शाळा मातृभाषेतून झाली, कॉलेज इंग्लिशमधून. वाचलेलं समजतं, लेक्चर बऱ्यापैकी कळतं, पेपर लिहून पास होते, पण बोलायची वेळ आली की तोंडातून शब्द फुटत नाही. पहिल्या वर्षी प्रेझेंटेशन पूर्ण पाठ करून गेली होती, एक वाक्य विसरलं आणि पुढचं सगळंच गेलं, मागून कोणीतरी हसलं. तेव्हापासून सरांची नजर चुकवून बसते, हजेरीला 'प्रेझेंट' म्हणतानाही पोटात गोळा येतो. मोबाईलमध्ये इंग्लिश शिकवणारी अ‍ॅप्स आहेत, कपाटात ग्रामरची पुस्तकं आहेत, काहीच चार दिवसांच्या वर टिकत नाही. "माझ्यात जिद्दच नाहीये, रात्री अवकाशाचे व्हिडिओ बघत वेळ वाया घालवते," असं तिचं स्वतःबद्दलचं मत आहे. घरचे म्हणतात इंग्लिश आलं नाही तर नोकरी विसर. पुढच्या महिन्यात सेमिनार आहे, विषय स्वतः निवडायचाय. तिला दोनच रस्ते दिसतात, एकतर सेमिनार नसलेला पेपर बदलून घ्यायचा, नाहीतर मातृभाषेचा एक शब्दही चालत नाही अशा स्पोकन इंग्लिशच्या क्लासला जायचं. "आधी ही भीती कशी घालवू ते सांगा ताई, मग मी बोलायला लागेन." खाली ता.क. आहे, वर्गातली मैत्रीण छान इंग्लिश बोलते, तिला हे सांगू का, आणि ती हसली तर?

अगं, तुझ्या त्या भीतीच्या वाक्यापासूनच सुरुवात करते. आधी भीती जाईल आणि मग तू बोलशील, हा क्रम तू इतका गृहीत धरलायस की त्याबद्दल काही विचारलंच नाहीयेस, आणि माझ्या मते सगळं घोडं तिथेच अडलंय. वर्षभर तू भीती जायची वाट बघतेयस. गेली का? उलट हजेरीपर्यंत येऊन पोचली. असं का होतं बघ, सर प्रश्न विचारतात, तू मान खाली घालून वहीत काहीतरी खरडायला लागतेस, सर दुसऱ्याला उठवतात आणि तुला हुश्श होतं. ते हुश्श होणंच वाईट आहे, कारण मनाला पक्कं कळतं की आपण वाचलो ते मान खाली घातल्यामुळे, मग पुढच्या वेळी मान अजून लवकर खाली जाते, टाळत गेलीस की भीती अशी पोसली जाते. त्यामुळे भीती असतानाच बोलायला लागायचं, तेही थोडं थोडं, आणि बोलता बोलता ती उतरते. पूर्ण जाते असं मी म्हणणार नाही. छान बोलणाऱ्यांचेही स्टेजवर जायच्या आधी हात गार पडतात, त्यामुळे त्यांचं अडत नाही एवढंच.

आणि हे तुझं एकटीचं दुखणं नाहीये. १९८६ मध्ये इलेन हॉरवित्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परक्या भाषेच्या वर्गात वाटणारी भीती मोजायला ३३ विधानांची एक प्रश्नावली काढली, आजही जगभर वापरतात ती. तयारी नसताना बोलावं लागलं की मी घाबरून जातो, मी बोलताना बाकीचे हसतील असं वाटतं, अशी विधानं आहेत त्यात, जसं काही तुझं पत्र समोर ठेवूनच लिहिलीत. गंमत म्हणजे ती पहिल्यांदा ज्यांना भरायला दिली ती अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात स्पॅनिश शिकणारी मुलं होती. म्हणजे ज्यांच्या भाषेत बोलायला आपण घाबरतो तेच लोक दुसऱ्या भाषेच्या वर्गात बसले की त्यांचंही ततपप होतं. तेव्हा मातृभाषेतल्या शाळेवर खापर फोडणं आधी बंद कर. उलट मला वाटतं तुला जास्त लागतंय त्याचं कारण तू आपल्या भाषेत चांगलं बोलतेस हे आहे, पत्रावरून कळतंच ते. आपल्या भाषेत मुद्दा मांडणारी, टोमणा मारणारी मुलगी इंग्लिशमध्ये लहान पोरासारखी तीन शब्दांची वाक्यं बोलते, आणि समोरच्याला वाटणार ही एवढीच आहे, हे सहन होत नाही. मलाही झालं नसतं.

आता प्रत्यक्ष अडकतेस तेव्हा डोक्यात काय चालतं ते जरा सावकाश बघू. समज तुला सांगायचंय, 'काल मी ज्या ग्रहाबद्दल वाचलं त्याला दोन सूर्य आहेत'. हे वाक्य डोक्यात आपल्या भाषेत तयार झालं, आता ते इंग्लिशमध्ये न्यायचं तर सगळा क्रम उलटवावा लागतो, ग्रह आधी आणायचा, 'काल' उचलून मागे टाकायचा, क्रियापद शेवटून काढून मध्ये घालायचं, मग 'रीड' की 'रेड', 'हॅव' की 'हॅज', आणि हे चालू असताना शेजारीच दुसरा आवाज, की सगळे बघतायत, फार वेळ झाला, परत तसंच होणार. डोक्यात एका वेळी फार कमी गोष्टी धरून ठेवता येतात. त्यातली अर्धी जागा काळजीने घेतली की उरलेल्या जागेत एवढं वाक्य मावतच नाही. मग ब्लँक. त्यावेळी तुला वाटतं मला इंग्लिश येतच नाही, पण तेच वाक्य रात्री वहीत लिहायला दिलं तर तू लिहिशील ना? लिहिशीलच. म्हणजे माहिती आहे, ती त्या दोन सेकंदांत बाहेर काढायची सवय नाहीये. यावर पहिला उपाय अगदी साधा, लांब वाक्य आपल्या भाषेत असतानाच मोडायचं. आय रेड अबाउट अ प्लॅनेट. इट हॅज टू सन्स. बास. लहान पोरासारखं वाटेल, वाटू दे, ऐकणाऱ्याला त्यातून दोन सूर्यच दिसतात, तुझं व्याकरण नाही.

इथे एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते, कारण हल्ली सगळीकडे 'सगळं मनावर आहे, कॉन्फिडन्स ठेवा' असं चालतं आणि मला त्याचा कंटाळा आलाय. तुझ्या भीतीतला काही भाग खरा आहे. रिचर्ड स्पार्क्स आणि लिओनोर गॅनशो हे दोन अभ्यासक १९९० च्या दशकात हेच म्हणत होते की भीतीमुळे भाषा कच्ची राहते एवढंच बघू नका, भाषा कच्ची असते म्हणूनही भीती वाटते. त्यावर बरेच वाद झाले, दोन्हीकडून होत असणार हे आता बहुतेक लोक मानतात. तुझ्या बाबतीत वाचणं, ऐकणं, लिहिणं वर्षानुवर्षं झालंय आणि तोंडाने बोलणं जवळपास शून्य. मग तोंडाला सवय कुठून असणार? दीर्घ श्वास घे, आरशासमोर उभी राहा, हे कर हवं तर, वाईट नाही, पण श्वास घेऊन 'हॅज' जिभेवर बसत नाही, ते शंभरदा बोलूनच बसतं.

हसण्याचं काय? कोणीतरी हसलं हे खरं, तू कल्पना केलीस असं मी म्हणत नाही. पण तो वर्ग आजही त्याच प्रेझेंटेशनची आठवण काढत बसलाय असं जे तुला वाटतं ना, ते तपासून बघ. २००० साली थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, विद्यार्थ्याला एका गायकाचा फोटो असलेला, लाज वाटेल असा टीशर्ट घालून बाकीच्यांच्या खोलीत पाठवायचं आणि मग विचारायचं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? मुलांचा अंदाज साधारण निम्म्या लोकांचा, प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांनी बघितलं होतं. तुझ्या वर्गात त्या दिवशी निम्मे जण स्वतःचा नंबर कधी येतो या टेन्शनमध्ये असणार. जो हसला त्याला सोड, तसा एक प्रत्येक वर्गात असतो आणि बऱ्याचदा त्याचंही इंग्लिश यथातथाच असतं.

आता जिद्दीचं. तुझं पत्र मी परत परत वाचलं, इंग्लिश का शिकायचं याची कारणं त्यात भरपूर आहेत, घरचे म्हणतात, नोकरी मिळणार नाही, सगळे पुढे गेले, लाज वाटते. यातलं एकही कारण तुझं नाहीये गं, सगळी दुसऱ्यांकडून आलेली आहेत आणि सगळी धाकाची आहेत. झोल्टान डॉर्नये या भाषा-अभ्यासकाने २००५ मध्ये मांडलेली एक कल्पना आहे, शिकणाऱ्याच्या मनात स्वतःची दोन चित्रं असतात, एक मला स्वतःला जे व्हायचंय ते आणि दुसरं लोकांच्या अपेक्षेप्रमाणे मी जे व्हायला पाहिजे ते, आणि शिवाय शिकतानाचा रोजचा अनुभव कसा आहे यावर पुढचं बरंच ठरतं. तुझ्याकडे दुसरं चित्र एकदम ठळक आहे, पहिलं कोरं, आणि रोजचा अनुभव म्हणजे भीती. यावर कुठलं अ‍ॅप चार दिवसांच्या वर टिकणार होतं? मला तर चार दिवस टिकलं याचंच कौतुक वाटतं.

आणि त्याच पत्रात, वेळ वाया घालवते म्हणून तू जी एक ओळ टाकलीस, रात्री अवकाशाचे व्हिडिओ बघते, ते कोणत्या भाषेत असतात? तूच लिहिलंयस, इंग्लिशमध्ये, सबटायटल लावून. म्हणजे रोज रात्री, कोणी न सांगता, जांभया देत का होईना, तू इंग्लिश ऐकतेस, वाचतेस, समजून घेतेस, न समजलेलं मागे नेऊन परत ऐकतेस. वर्षभर चाललंय हे! याला जिद्द नाही म्हणायचं? फक्त याचा अभ्यासाशी काही संबंध आहे असं तुला कोणी सांगितलं नाही, कारण मजा येते तो अभ्यास नव्हेच अशी आपली पक्की समजूत. तर तुझी इंग्लिश शिकायची गाडी तिथून सोडायची, ग्रामरच्या पुस्तकाच्या पहिल्या धड्यापासून नाही. पुस्तक राहू दे कपाटात, अडलं की काढ.

करायचं काय ते सांगते. आज रात्री एक व्हिडिओ बघून झाला की मोबाईलचं रेकॉर्डर चालू कर आणि त्यात काय होतं ते चार मिनिटं इंग्लिशमध्ये सांग, मोडकं तोडकं, मध्ये आपल्या भाषेतला शब्द आला तर येऊ दे, थांबायचं नाही. मग तेच तीन मिनिटांत. मग तेच दोन मिनिटांत. ही माझी युक्ती नाही, किथ मॉरिस यांनी १९८३ मध्ये मांडलेली पद्धत आहे आणि पॉल नेशन यांनी १९८९ मध्ये तिच्यावर अभ्यास केला, वेग वाढतो आणि अडखळणं कमी होतं असं त्यांना दिसलं. मुळात दर वेळी नवा माणूस ऐकायला असतो, पण तुला आत्ता माणूसच नकोय तर मोबाईल चालेल, पुढे माणसं आणू. कारण सरळ आहे, तिसऱ्या वेळी काय बोलायचं हे शोधावं लागत नाही, शब्दही एकदा जिभेवरून गेलेले असतात, मग डोक्यातली जागा मोकळी होते. रेकॉर्डिंग लगेच ऐकू नकोस हं, लगेच ऐकलंस की चुका काढत बसशील. आठवड्यानंतर पहिलं आणि शेवटचं लागोपाठ ऐक. चार मिनिटं जड वाटली तर दोन-दीड-एक कर, कोणी बघत नाहीये.

तुझे दोन रस्ते राहिले. पेपर बदलू नकोस असं माझं मत आहे, आणि त्यात धाडस वगैरेचा मुद्दा नाही. फिजिक्स तुला आवडतं. सेमिनार नको म्हणून आवडीचा पेपर सोडलास तर मघाशी म्हटलं ते हुश्श सगळ्यात मोठं होईल आणि पुढे व्हायवा, इंटरव्ह्यू, प्रत्येक ठिकाणी असाच दरवाजा शोधत फिरशील. दुसरा रस्ता, तो कडक क्लास. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही असं तुला सगळे ऐकवत असतील, पण आधीच पाण्याची धडकी भरलेल्याला खोल पाण्यात ढकललं तर तो पोहायला शिकत नाही, परत पाण्याजवळ जात नाही एवढंच होतं. ज्या क्लासमध्ये मातृभाषेचा शब्द काढला की दंड किंवा सगळ्यांसमोर उभं करणं असेल तिथे पैसे भरू नकोस. क्लास लावायचाच असेल तर आधी एक तास नुसती बसून ये आणि फक्त एवढं बघ, कोणी अडखळलं की शिक्षक काय करतात. थांबतात, की लगेच वाक्य स्वतः पूर्ण करून टाकतात, की बाकीच्यांकडे बघून हसतात? जे थांबतात त्यांच्याकडे जा. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात शाळांमधले विज्ञानाचे तास तपासले तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात असं दिसलं, आणि तीन सेकंद थांबायला लागले की मुलांची उत्तरं लांब आणि चांगली यायला लागली. ही मुलं स्वतःच्या भाषेत उत्तरं देत होती. मग परक्या भाषेत एका सेकंदात उत्तर कोण देणार? हे वाचणाऱ्या शिक्षकांनी एवढं एकच केलं, मनात तीन आकडे मोजले, तरी मागच्या बाकावरच्या कितीतरी जणी बोलायला लागतील.

सेमिनारसाठी तुझ्याकडे महिना आहे, भरपूर आहे. विषय तोच घे ज्यावर तू मैत्रिणींचं डोकं खातेस. मघाशी दोन सूर्यांचा ग्रह म्हटला ना, तो खरंच आहे, केप्लर-१६बी, २०११ मध्ये जाहीर झाला, तुला माझ्यापेक्षा जास्त माहिती असणार. यावेळी पूर्ण पाठ करायचं नाही, अजिबात नाही. पाठ केलेलं माळेसारखं असतं, एक मणी निसटला की सगळे जातात, तेच झालं होतं तुझं. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक वाक्य तेवढं झोपेतून उठवलं तरी म्हणता येईल इतकं पक्कं कर, कारण पहिल्या अर्ध्या मिनिटात धडधड सगळ्यात जास्त असते, ते निभावलं की पुढे जरा सुसह्य होतं. मधलं सगळं स्लाइडवरच्या चित्रांवरून, आकृतीवर बोट ठेवून सांगायचं. चित्राचा फायदा असा की लोक तुझ्याकडे न बघता तिकडे बघतात. आणि अडकलीस तर काय म्हणायचं ते आधीच तयार ठेव, लेट मी पुट इट अनदर वे, गिव्ह मी अ सेकंड, प्रश्न कळला नाही तर कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन. ही तीन वाक्यं रोज मोठ्याने म्हण, ही मात्र खुशाल पाठ कर. इंग्लिश घरचं असलेले लोकही बोलताना अडकतात, ते अडकल्यावर गप्प होत नाहीत, असलं काहीतरी बोलून वेळ काढतात.

सरांना आधी भेट. दोन मिनिटं, आपल्या भाषेत बोललीस तरी चालेल, की मला बोलायची भीती वाटते, माझा नंबर सुरुवातीला लावाल का. शेवटी नंबर असला की तासभर बसून झुरायला होतं, पहिल्या-दुसऱ्या नंबरला ते वाचतं. आणि सेमिनारच्या आधी एकदा तरी वर्गात एक ओळीचा प्रश्न विचार, आदल्या दिवशी लिहून, म्हणून बघून. कुठल्याही विषयाच्या तासाला. त्याने सेमिनार सोपा होईल असं नाही, पण वर्गाने तुझा आवाज आधी ऐकलेला असेल आणि तूही.

घरच्यांना काय सांगायचं हे तू विचारलं नाहीस तरी सांगते, नोकरीचा धाक दिवसातून कितीदा ऐकायचा याला मर्यादा असू दे. बाबांना एकदा त्या ग्रहाबद्दल इंग्लिशमध्ये दोन मिनिटं ऐकवून दाखव, त्यांना काही कळो न कळो, तुला माणसासमोर बोलायची एक फेरी मिळेल आणि त्यांना काळजीऐवजी दुसरं काहीतरी करायला मिळेल.

एक सावधगिरी, तुला आणि असंच पत्र लिहिणाऱ्या बाकीच्यांनाही. आपल्या भाषेत चार लोकांत बोलतानाही अशीच दातखीळ बसत असेल, त्या भीतीने झोप उडत असेल, कॉलेज बुडत असेल, परीक्षेला जायचं टाळलं जात असेल, तर तो इंग्लिशचा प्रश्न राहिलेला नाही, तेव्हा कॉलेजच्या समुपदेशकांना किंवा डॉक्टरांना भेटायचं, रेकॉर्डिंग करत बसायचं नाही. तुझ्या पत्रात मला तसं दिसलं नाही, पण स्वतःला विचारून बघ.

आणि ता.क. मैत्रिणीला सांग. हसली तर हसली, मग दुसरी शोधू, पण बहुतेक हसणार नाही, जी मुलगी छान बोलते तिलाही कधीतरी बोलायला शिकावं लागलंच असेल. फक्त तिला काम नेमकं दे, नाहीतर ती प्रेमाने प्रत्येक शब्दाला चूक काढेल आणि तू परत गप्प होशील. तिला म्हण, मी दोन मिनिटं बोलते, मध्ये थांबवू नको, झाल्यावर मला दोन गोष्टी सांग, काय नीट कळलं आणि कुठे काहीच कळलं नाही. 'हॅव-हॅज' ती नंतर काढू दे, आठवड्यातून एकदा.